पावसाळाभर उभ्या कॅम्परची मागची बॅटरी ८.९ व्होल्टवर. वाचेल का?

मुलुंडचा_फिरस्ता
मंडळी, मारुती ईको व्हॅन आहे, मागे फळी-गादी-फ्रिज बसवलेली. जूनच्या सुरुवातीला सोसायटीत निळ्या ताडपत्रीखाली झाकली, ती थेट दसऱ्याला उघडली. पुढच्या बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली होती, ती कुरकुरत का होईना पण सुरू झाली. मागची (फ्रिज-दिव्यांची) १२ व्होल्टची, १५० एएच म्हणजे अँपिअर-तासांची ट्यूब्युलर, पाण्याची, तीन वर्षांची. मीटरवर ८.९! स्मार्ट चार्जर लावला तर लाल दिवा मिचकावून गप्प. टर्मिनलवर हिरवा-पांढरा चुरा, कळकलेल्या समईसारखा. गॅरेजवाल्याने झाकण न उघडताच ‘नवीन टाका’ म्हणून सांगितलं. व्हिडिओ बघावेत तर सगळे बर्फात ठेवलेल्या गाड्यांचे. आणि छपरावर १०० वॅटचं पॅनेल असताना हे झालंच कसं? दिवाळीत दापोलीला जायचंय.

कुर्ला_वायरिंग
पॅनेल ताडपत्रीखाली होतं ना भाऊ? मग ते काय करणार!
बऱ्याच स्मार्ट चार्जरना इतकी उतरलेली बॅटरी ओळखूच येत नाही. जुना, ट्रान्सफॉर्मरचा साधा चार्जर मिळव. त्याआधी झाकणं घट्ट लावून टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धू. सोड्याचा थेंब आत जाता कामा नये. हातमोजे आणि चष्मा घाल. मग झाकणं उघडून बघ. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड पाणी घाल. बाकीचं चार्ज झाल्यावर, नाहीतर उकळून बाहेर येतं. ५ अँपिअरवर दीड-दोन दिवस लागतील, घाई नको. बॅटरी गाडीबाहेर, मोकळ्या हवेत ठेव. हायड्रोजन सुटतो, जवळ शेगडी-विडी काही नको. हात ठेववत नाही इतकी तापली तर थांबव. शेवटी हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची घनता मोजायच्या नळीने, सहाही सेल तपास. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली राहिला तर गॅरेजवाला बरोबर होता.

दादर_ते_स्पिती
माझी लिथियम आहे, तिला हे उपाय चालत नाहीत, कोणी करू नका. पण एक ऐकलंय, पाण्याच्या बॅटरीत एप्सम सॉल्ट टाकलं की जीव येतो म्हणे?

कुर्ला_वायरिंग
मीठ वरणात टाका. बॅटरीतलं पाणी उडतं, ॲसिड जागेवरच राहतं, म्हणून वरून फक्त पाणीच घालायचं.

मुलुंडचा_फिरस्ता
आठवडा झाला, हकिगत सांगतो. दोन सेलच्या प्लेटा खरंच उघड्या होत्या. शेजारच्या काकांकडे माळ्यावर जुना चार्जर निघाला, इतका जड की दोघांनी उतरवला. बाल्कनीत दोन दिवस चार्जिंग. दुसऱ्या रात्री आतून बुडबुड्यांचा आवाज, डाळ शिजत असल्यासारखा. सहाही सेल १.२१० ते १.२२०. पाणी भरून वरून आणखी काही तास बूस्ट दिला, मग १.२३५. बारा तास तशीच ठेवली, तर मीटरवर साधारण १२.५.
चोरही सापडला. निगेटिव्ह वायरमध्ये मीटर घालून बघितलं तर सगळं बंद असताना ४० मिलिअँपिअर! गॅसचा अलार्म आणि यूएसबी सॉकेटचा तो निळा आकडा. दिवसाला जवळपास १ एएच, म्हणजे चार महिन्यांत सव्वाशेच्या आसपास. उकाड्यात बॅटरी आपली आपणही उतरते, ते वेगळंच.

कुर्ला_वायरिंग
व्होल्टेजवर भाळू नकोस. लोड लावून बघितलीस?

मुलुंडचा_फिरस्ता
बघितली, दादा. ५ अँपिअरचे दिवे लावून ठेवले, १७ तासांत बसली. म्हणजे १५० ची आता ८५ उरली. उतरलेल्या अवस्थेत महिनोनमहिने पडून राहिली, प्लेटांवर सल्फेट कडक झालं, ते सगळं काही सुटत नाही. हे वर्ष काढेन. मागच्या निगेटिव्हला आजच कटऑफ स्विच बसवला. दापोलीला फ्रिज रात्री बंद ठेवायचं ठरलंय. ही विचारतेय, मग मासे कशात ठेवायचे?