मदत हवी आहे: सोलर सेन्सरचं रीडिंग आणि निर्मिती जुळत नाही

नमस्कार मंडळी. सोलापूरजवळ आमच्या गच्चीवर १० किलोवॅटची सोलर सिस्टीम आहे. उन्हाळ्यात निर्मिती कमी वाटली, म्हणून पॅनेलच्या शेजारी, त्याच उतारावर सिलिकॉनचा छोटा रेफरन्स सेल (ऊन किती पडतंय ते मोजणारा सेन्सर) बसवला.

काल दुपारी सेन्सरने दर चौरस मीटरला ९४० वॅट दाखवले, इन्व्हर्टरवर मात्र ६.८ किलोवॅट. पॅनेलची क्षमता १००० वॅट ऊन आणि २५ अंश तापमानाला मोजतात, हे माहीत आहे. आमचं पॅनेल मागून ६५ अंश तापलं होतं. दर अंशाला ०.३५ टक्के घट धरली तरी ८ किलोवॅट यायला हवेत. इन्व्हर्टर-वायरिंगचा तोटा वजा केला तरी हिशेब बसत नाही.

शंका अशी: सेन्सरची काच मी रोज पुसतो, पॅनेल महिन्यातून एकदा. म्हणजे फरक धुळीचाच असेल का? का सेन्सरच जास्त दाखवतोय? तापल्यावर त्याचं रीडिंग बदलतं आणि त्याची दुरुस्ती त्यात नाही, पण त्याने फार तर दोनेक टक्के फरक पडेल. दुसरा सेन्सर मुद्दाम न पुसता ठेवून धुळीचा तोटा कोणी मोजलाय का? आणि सेन्सरचं कॅलिब्रेशन, म्हणजे रीडिंग बरोबर आहे का, ते घरच्या घरी कसं तपासता? पायरॅनोमीटर (ऊन अचूक मोजायचं उपकरण) परवडणारा नाही. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.