अधिकारक्षेत्र की अधिकारिता? आणि 'फेटाळले' कधी म्हणावे?

प्रश्न : बाल्टिमोर अँड पोटोमॅक रेल्वे विरुद्ध ग्रँट या जुन्या अमेरिकी खटल्यावर लिहितो आहे. 'अधिकारक्षेत्र नसल्याने कोर्टाने रेल्वेचे अपील फेटाळले' हे वाक्य बरोबर आहे का?

— दोन्ही शब्द खटकतात. ग्रँटला कंपनीविरुद्ध २,२५० डॉलरचा निकाल मिळाला होता. तेव्हा १,००० डॉलरच्या दाव्यालाही वरच्या कोर्टात, म्हणजे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात, जाता येई. प्रकरण पडून असतानाच २५ फेब्रुवारी १८७९ चा कायदा आला आणि वर जायला रक्कम २,५०० डॉलरहून जास्त असणे भाग झाले. कोर्टाची हद्द वीतभरही हलली नाही, तरी अधिकार गेला. मग 'क्षेत्र' कशाला? 'अधिकारिता' म्हणा, म्हणजे प्रकरण ऐकण्याचा अधिकार.

— आमच्याकडे दाव्यात लिहितात, 'सदरचा दावा चालविण्याचा अधिकार मे. कोर्टास आहे.' यात क्षेत्रही नाही आणि अधिकारिताही नाही, तरी काही अडत नाही. 'हद्द' मात्र पोलीस ठाण्याला शोभते.

— लेखात एक खड्डा सांभाळा. ग्रँटला निकाल देणाऱ्या कोर्टाचे नावही 'सुप्रीम कोर्ट'च होते, पण ते डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाचे, म्हणजे राजधानी वॉशिंग्टनच्या प्रदेशाचे. नुसते 'सुप्रीम कोर्ट' लिहिलेत तर वाचक गोंधळणार.

— आणि 'फेटाळले' नकोच. फेटाळले म्हटले की मुद्दे ऐकून नाकारले असे वाटते. इथे सरन्यायाधीश वेट यांच्या कोर्टाने खरे कोण, खोटे कोण हे पाहिलेच नाही. 'काढून टाकले' म्हणा. 'खारीज' चालेल, पण वकिलांच्या तोंडी त्यात दोन्ही अर्थ येतात. शिवाय कागदोपत्री ते अपील नव्हते, 'रिट ऑफ एरर' होते, म्हणजे खालच्या कोर्टाच्या निकालातली कायद्याची चूक तपासून घेण्याचा जुना मार्ग. शीर्षकात अपील खपेल.

प्रश्नकर्ता : पण आधीच दाखल झालेले प्रकरण नव्या कायद्याने कसे पडले?

— नव्या कायद्यात व्यावृत्ती नव्हती म्हणून. आपल्या कायद्यांच्या शेवटी 'निरसन व व्यावृत्ती' असे कलम असते ना? जुना कायदा जातो, पण चालू प्रकरणे वाचतात, ती व्यावृत्ती. शब्द बोजड आहे खरा. मी 'चालू प्रकरणांना सूट' लिहीन.

— अशी रकमेची अट आपल्याकडेही होती. दिवाणी प्रकरण सुप्रीम कोर्टात न्यायचे तर संविधानाच्या अनुच्छेद १३३ मध्ये २०,००० रुपयांची मर्यादा होती. तिसाव्या घटनादुरुस्तीने ती काढली.

प्रश्नकर्ता : मग असे लिहितो : 'ऐकण्याचा अधिकारच उरला नाही म्हणून कोर्टाने रेल्वेचे प्रकरण काढून टाकले.'

— 'अधिकारच' मधला च ठेवा.