रीडबॅक देऊनही विमानाच्या रेडिओवर घोटाळे का होतात?

घारपंख:
कंट्रोलरने उंची, दिशा, धावपट्टी सांगायची, वैमानिकाने ती परत म्हणून दाखवायची (हाच रीडबॅक) आणि चूक असली तर कंट्रोलरने तिथल्या तिथे सुधारायची. म्हणजे प्रत्येक सूचना दोनदा गाळली जाते. तरीही विमान भलत्याच उंचीवर जातं, किंवा एकाची सूचना दुसराच घेतो, ते कसं? आणि आवाज इतका खरखरीत का? आजच्या काळातही एएम रेडिओ का धरून बसलेत?

पट्टीकाठ:
गोम दुसऱ्या गाळणीत आहे. वैमानिक परत म्हणतो खरा, पण त्याच क्षणी कंट्रोलरचं अर्धं लक्ष पुढच्या विमानाकडे गेलेलं असतं. आपण जे सांगितलं तेच परत येणार, असं कानाने आधीच ठरवून टाकलेलं असतं. शिवाय रीडबॅक बरोबर असला तर कंट्रोलर बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. त्यामुळे 'ऐकलं, बरोबर आहे' आणि 'ऐकलंच नाही' या दोन्हींचा आवाज सारखाच: शांतता. वैमानिक मात्र मौनाला संमती धरून चालतो.

फेब्रुवारी १९८९ मध्ये क्वालालंपूरला उतरणाऱ्या मालवाहू बोइंग ७४७ ला 'डिसेंड टू फोर झीरो झीरो' असं सांगितलं गेलं. अभिप्रेत होतं २४०० फूट. इंग्रजीत दोनचा 'टू' आणि 'पर्यंत' या अर्थाचा 'टू' कानाला एकच, म्हणून वैमानिकांनी ४०० फूट धरले आणि परत म्हणाले, 'ओके, फोर झीरो झीरो'. चूक उघड समोर आली होती, पण कुणी टोकलं नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघे गेले. उंची 'टू थाउजंड फोर हंड्रेड फीट' अशी म्हणायची असते, ती याचसाठी.

दक्षिणवारा:
एएमचं उत्तर देतो, कारण त्याला उगाच जुनाट ठरवलं जातं. बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघांनी एकदम बोलायचं बटण दाबलं तर एफएममध्ये जोरदार सिग्नल दुबळ्याला गिळून टाकतो, दुसरं कुणी बोललं होतं याचा मागमूसही राहत नाही. एएममध्ये दोन्ही वाहक लहरींच्या फरकामुळे शिट्टी वाजते. निदान काहीतरी कापलं गेलं एवढं कळतं.

कळलं तरी विचारायला हवं. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफे बेटावरच्या विमानतळावर केएलएम या डच कंपनीच्या वैमानिकाने 'वी आर नाऊ ॲट टेक-ऑफ' म्हटलं. टॉवरने 'ओके' म्हणून थोड्या अंतराने 'थांबा, मी सांगतो' असं जोडलं. नेमक्या त्याच वेळी पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचं विमान 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत' असं सांगत होतं. केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' स्वच्छ पोचलं, पुढे नुसती ती शिट्टी. दोन्ही विमानं धावपट्टीवर आदळली, ५८३ माणसं गेली. तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरतात, एरवी 'डिपार्चर'.

रोजच्या वापरातली चूक याहून साधी असते. बटण दाबताक्षणी बोलायला सुरुवात केली की पहिलं अक्षर कापलं जातं. क्षणभर थांबा, मग बोला. आणि बटण अडकून राहिलं तर एकटं विमान अख्खी फ्रिक्वेन्सी बंद पाडतं.

शून्यदृश्यता:
एकाची सूचना दुसऱ्याने घेण्यामागे बहुधा सारखे कॉलसाइन, म्हणजे रेडिओवर विमानाला हाक मारायची नावं, असतात. एकाच कंपनीची ४५१ आणि ५४१ एकाच फ्रिक्वेन्सीवर आली की घोटाळ्याला फारसं निमित्त लागत नाही. दोघांनी एकदम रीडबॅक दिला तर कंट्रोलरला त्यातला जोरदार तेवढाच उमगू शकतो. म्हणून कॉलसाइन नसलेला रीडबॅक माझ्या मते रीडबॅकच नव्हे. अशा वेळी कंट्रोलर एका विमानाचा कॉलसाइन तात्पुरता बदलू शकतो.

आणखी एक फसवी जागा हवेच्या दाबाची, जो उंची दाखवणाऱ्या यंत्रात लावावा लागतो. कंट्रोलर नुसतं 'नाइन नाइन टू' म्हणाला, म्हणजे ९९२ हेक्टोपास्कल. दाब पाऱ्याच्या इंचांत मोजायची सवय असलेल्याने ते २९.९२ समजून लावलं, तर विमान दाखवतंय त्यापेक्षा सुमारे ६०० फूट खाली असतं. दाबासोबत त्याचं एककही बोललेलं बरं.

घारपंख:
दोन्ही वैमानिकांनी वेगवेगळं ऐकलं तर कुणाचं खरं?

पट्टीकाठ:
कुणाचंच नाही. 'से अगेन', म्हणजे पुन्हा सांगा, असं कंट्रोलरला म्हणायचं. कॉकपिटमध्ये मतदान घेऊन उंची ठरवत नाहीत. एकाने आकडा लावायचा, दुसऱ्याने त्याकडे बोट दाखवून तोच आकडा मोठ्याने म्हणायचा. हे तेव्हाच चालतं, जेव्हा दोघांनीही ती सूचना स्वतः ऐकलेली असते. १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं हवेत आदळली, ३४९ जण गेले. तिथे कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायचं होतं, सौदीचं १४,००० वर होतं. कझाक विमानात कंट्रोलरशी बोलायला वेगळा रेडिओ ऑपरेटर होता आणि उंचीचं यंत्र त्याच्यासमोर नव्हतंच.

दक्षिणवारा:
कुणीतरी आता डेटालिंकचं नाव काढेलच. लेखी संदेश समुद्रावर, लांबच्या टप्प्यात उत्तम. उतरताना टाइप करत बसायला वेळ नसतो. शिवाय आवाजावर तुमची परवानगी बाकीची विमानंही ऐकतात. 'त्या पट्टीवर तर आम्ही उभे आहोत' हे ओरडून सांगणारा एखादा त्यातच असतो.