टचस्क्रीन फायर अलार्म पॅनेल: रोज चालवणं आणि देखभाल, सल्ला हवा

रात्रपाळी
जुनं कन्व्हेन्शनल (फक्त झोन दाखवणारं) पॅनेल जाऊन दोन लूपचं (लूप म्हणजे पॅनेलमधून निघून पॅनेललाच परत येणारी डिटेक्टरांची केबल) ॲड्रेसेबल, म्हणजे प्रत्येक डिटेक्टर वेगळा ओळखणारं, पॅनेल आलंय, सात इंची टचस्क्रीनचं. विचारायचंय ते असं: अलार्म आल्यावर काय कोणत्या क्रमाने दाबायचं? कुणाला कुठला कोड द्यायचा? बॅटरी कधी बदलायची? शिवाय सध्या अर्थ फॉल्ट (एखादी तार जमिनीला टेकल्याची सूचना) येतो, तासाभराने आपोआप जातो, पुन्हा येतो. त्याचा माग कसा काढायचा?

लूपकार
आधी वाचायचं, मग बोट लावायचं. स्क्रीनवर लूप, ॲड्रेस आणि ठिकाणाचं नाव येतं. ते कागदावर उतरवून एका माणसाला तिकडे पिटाळा. ॲक्नॉलेजने फक्त पॅनेलचा बझर गप्प होतो. सायलेन्सने इमारतीतले हूटर थांबतात. रीसेटने लॅच झालेले, म्हणजे अलार्म धरून बसलेले, डिटेक्टर सुटतात. हे तिसरं बटण लोक घाईत पहिलं दाबतात आणि तिथेच घोळ होतो: जागेवरच्या डिटेक्टरचा लाल दिवा विझतो आणि गेलेला माणूस छताकडे बघत उभा राहतो. डिटेक्टरच्या चेंबरमध्ये धूर शिल्लक असेल तर अलार्म पुन्हा येणारच.

एकापेक्षा जास्त अलार्म आले तर पहिला वर दिसतो, बाकीचे यादीत खाली दडतात. कोपऱ्यातला आकडा बघा आणि यादी सरकवून सगळी वाचा. आग कुठे लागली हे पहिला ॲड्रेस सांगतो. धूर कुठवर पोचला ते शेवटचा.

एमसीपीवरून (आग दिसल्यावर हाताने दाबायची भिंतीवरची पेटी) अलार्म आला असेल तर आधी एमसीपी किल्लीने पूर्ववत करा, काचेचा असेल तर काच बदला, नंतर पॅनेल रीसेट. उलटं केलं तर रीसेट टिकत नाही आणि पॅनेल बिघडल्याची तक्रार उगाच वर जाते.

कळसूत्री
कोडबद्दल. ईएन ५४-२ या पॅनेलसाठीच्या युरोपियन मानकात चार ॲक्सेस लेव्हल आहेत. पहिलीत फक्त बघता येतं. दुसरीत सायलेन्स, रीसेट, डिसेबल. तिसरीत प्रोग्रॅमिंग आणि चौथीत पॅनेलची दुरुस्ती किंवा फर्मवेअर. सुरक्षारक्षकाला दुसरीचा कोड पुरे. तिसरीचा कोड कंत्राटदाराकडे, आणि एक प्रत बंद पाकिटात तुमच्या कपाटात ठेवा, नाहीतर कंत्राटदार बदलला की नाकदुऱ्या काढत बसावं लागतं. कारखान्याकडून आलेले कोड पहिल्याच दिवशी बदला. ते मॅन्युअलमध्ये छापलेले असतात. प्रोग्रॅमची प्रतही पेन ड्राइव्हवर मागून घ्या आणि प्रत्येक बदलानंतर नवी घ्या.

डिसेबल करताना जपून. टचस्क्रीनवर लूप, झोन आणि पॉइंट यांची बटणं शेजारी-शेजारी असतात. एक डिटेक्टर बंद करायला जावं आणि अख्खा झोन बंद व्हावा, हे सहज घडतं. 'ओके' दाबण्यापूर्वी वरची ओळ मोठ्याने वाचा. ठरावीक वेळेनंतर पॉइंट आपोआप चालू करायचा टायमर असेल तर तोच वापरा. आणि रंगकामासाठी डिटेक्टरवर घातलेली प्लास्टिकची टोपी पॅनेलला दिसत नाही. टोपीखालचा आंधळा डिटेक्टर स्क्रीनवर नॉर्मलच दाखवतो. टोप्या मोजून द्या, मोजून परत घ्या.

बारा_व्होल्ट
बॅटरी. १२ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-ॲसिड, सिरीजमध्ये. सिरीजमध्ये व्होल्ट दुप्पट होतात, अँपिअर-अवर तेवढेच राहतात. १८ च्या दोन म्हणजे ३६ असं धरून केलेले हिशेब अजूनही बघायला मिळतात.

हिशेब असा: स्टँडबाय (अलार्म नसतानाचा) करंट गुणिले २४ तास, अधिक अलार्म करंट गुणिले अर्धा तास, आणि एकूण गुणिले १.२५. समजा स्टँडबायला ०.४ अँपिअर आणि अलार्ममध्ये २ अँपिअर जातात. ९.६ अधिक १ म्हणजे १०.६, गुणिले १.२५ म्हणजे १३.२५. म्हणून १७ किंवा १८ अँपिअर-अवर. मागाहून हूटर वाढवले असतील तर हा हिशेब पुन्हा करा.

फ्लोट व्होल्टेज (बॅटरी भरलेली ठेवणारं चार्जरचं व्होल्टेज) जोडीवर साधारण २७.३ असावं, नेमका आकडा मॅन्युअलमधला धरा. मग प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. दोन्ही १३.६ च्या आसपास असतील तर ठीक. एक १४.३ आणि दुसरी १३.० दाखवत असेल तर बेरीज बरोबर येते, पण जोडी बिघडत चालली आहे. स्क्रीन ही बेरीजच दाखवते, म्हणून मीटर लावल्याशिवाय हे कळत नाही. बदलताना दोन्ही एकदम, एकाच बनावटीच्या आणि एकाच तारखेच्या घ्या. चार वर्षं झाली की सरळ बदला.

लूपकार
चार वर्षांचा सरसकट नियम मला पटत नाही. पॅनेलची खोली गरम असेल तर त्याआधीच जातात. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं. दर सहा महिन्यांनी मेन्स बंद करून अर्धा तास बॅटरीवर चालवा. स्टँडबायमध्ये एवढ्यात जोडी २४ व्होल्टच्या खाली आली तर तारीख कुठलीही असो, काढून टाका. शेवटी एक मिनिट हूटर वाजवून बघा. कमकुवत बॅटरी स्टँडबायला टिकते आणि हूटरच्या भाराखाली बसते.

बारा_व्होल्ट
चाचणीला हरकत नाही. पण चाचणी कुणी करत नसेल तर चार वर्षांचा नियमच खरा.

पॅनेल पूर्ण बंद करायचं असेल तर बहुतेक पॅनेलमध्ये आधी बॅटरी काढतात, मग मेन्स. चालू करताना आधी मेन्स, मग बॅटरी. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर तसं करा.

मेगरमित्र
अर्थ फॉल्टकडे येतो. सगळ्यात आधी: लूपला डिटेक्टर लावलेले असताना ५०० व्होल्टचा मेगर (केबलचं इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावू नका. फॉल्ट सापडेल न सापडेल, डिटेक्टर मात्र जातील. साधा मल्टिमीटर घ्या आणि पॅनेलच्या २४ व्होल्ट प्लस ते अर्थ, मायनस ते अर्थ असं डीसीवर मोजा. दोन्हीकडे मधले आकडे आले तर त्या क्षणी फॉल्ट नाही. एका बाजूला शून्याच्या जवळ आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण व्होल्टेज आलं, तर शून्यवाली बाजू कुठेतरी जमिनीला टेकली आहे.

फॉल्ट हजर असतानाच एकेक सर्किट सोडवत जा. हूटरची सर्किटं आधी, बाहेरचा पुरवठा घेणारे मॉड्यूल (लूपवरचे जोड-डबे) नंतर, लूप शेवटी. लूप सोडवताना जाणारी आणि परत येणारी दोन्ही टोकं काढा. लूपला दोन्हीकडून पुरवठा असतो, एकच टोक काढलं तर काहीच कळत नाही. फॉल्ट लूपमध्येच निघाला तर लूप मध्यावर तोडा, एकाच बाजूने चालवा आणि निम्मे-निम्मे करत या. तेवढ्या वेळात तुटलेला भाग आंधळा असतो, तिथे माणूस फिरता ठेवा.

रात्रपाळी
आत्ता फॉल्ट दिसत असताना मोजलं. प्लस ते अर्थ २६.९, मायनस ते अर्थ ०.३. इव्हेंट लॉगमध्ये फॉल्टच्या वेळा बहुतेक पहाटेच्या दिसतात. आणखी एक, स्क्रीनवर कोपऱ्यातलं बटण दाबलं की शेजारचं लागतं.

कळसूत्री
स्क्रीनचं आधी सांगतो. रेझिस्टिव्ह (दाबावर चालणारी) स्क्रीन असेल तर मेनूमधून कॅलिब्रेशन करा, चार-पाच खुणांवर टोकदार पण बोथट वस्तूने नेमकं दाबायचं. पेनची निब नको. पुसताना कापड जेमतेम ओलसर करा, थेट स्क्रीनवर फवारा नको. पाणी खालच्या कडेने आत उतरतं आणि मग बटणं आपोआप लागायला लागतात. अमोनियावाले काचेचे द्रावणही नको. पुसण्याआधी पॅनेल पहिल्या लेव्हलवर आणा, म्हणजे फडक्याने काही डिसेबल होणार नाही.

स्क्रीन काळी पडली म्हणजे पॅनेल मेलं असं नाही. डिस्प्ले वेगळ्या बोर्डावर असेल तर शोधकाम चालू राहू शकतं. मेन्सचा हिरवा दिवा बघा, एक एमसीपी दाबा, हूटर वाजतात का ते तपासा. नाही वाजले तर स्क्रीन दुरुस्त होईपर्यंत गस्त लावा.

आणि लॉगमधल्या वेळांवर विसंबण्याआधी पॅनेलचं घड्याळ मनगटाशी ताडून बघा. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल उतरला असेल तर पुरवठा गेल्यानंतर घड्याळ भलतीच वेळ दाखवतं आणि पहाटेचं कोडं मुळात दुपारचं निघतं.

मेगरमित्र
घड्याळ बरोबर असेल तर मायनस, पहाट, आपोआप जाणं, हे सगळं दवाकडे बोट दाखवतंय. उघड्यावरचे हूटर आणि एमसीपी उघडा. ग्लँड (केबल आत घेणारा आवळता जोड) वरच्या बाजूने असेल तर पाणी केबलवरून घरंगळत थेट टर्मिनलवर येतं. केबल खालून आत घ्या, बाहेर एक लोंबता वळसा ठेवा, हिरवट झालेली तारेची टोकं कापून नवीन फेरूल (तारेच्या टोकावरची धातूची नळी) लावा.

तिथे कोरडं निघालं तर डिटेक्टरचे बेस बघा. शिल्डची (केबलमधल्या धातूच्या आवरणाची) एखादी मोकळी काडी मायनसच्या स्क्रूला टेकलेली असते. शिल्ड पॅनेलकडे अर्थ केलेली असल्याने तेवढं पुरतं. शिल्ड पुढच्या केबलला सलग जोडून त्यावर स्लीव्ह चढवा, आणि अर्थ एकाच टोकाला ठेवा.

दुरुस्तीनंतर मायनस ते अर्थ पुन्हा मोजा. आकडा मधे आला, पण स्क्रीनवर फॉल्ट अजून दिसतोय, तर जरा थांबा. काही पॅनेल तो पुसायला थोडा वेळ घेतात.

लूपकार
कुठल्याही चाचणीआधी पॅनेलला जोडलेल्या गोष्टींची यादी काढा: लिफ्ट, एएचयू (हवा खेळवणारं यंत्र), दारांचे चुंबक, गॅस सप्रेशन (गॅस सोडून आग विझवणारी यंत्रणा). गॅसचा ॲक्चुएटर (सिलिंडर उघडणारा भाग) नुसता स्क्रीनवर डिसेबल करून भागत नाही, सिलिंडरवरून प्रत्यक्ष उतरवून ठेवा. दर आठवड्याला एक एमसीपी, आणि दर वेळी वेगळा. धुराचे डिटेक्टर त्यांच्यासाठीच्या टेस्ट एरोसोलने तपासा. कागद जाळून केलं की काजळी चेंबरमध्ये बसते आणि काही महिन्यांत तोच डिटेक्टर 'डर्टी' म्हणून यादीत येतो. 'डर्टी' आलेला डिटेक्टर आधी व्हॅक्यूमने आणि कोरड्या हवेने साफ करा, ॲनालॉग व्हॅल्यू (पॅनेलवर दिसणारा त्याचा आकडा) पुन्हा वाचा. खाली आली नाही तर डिटेक्टर बदला. ॲड्रेस डिटेक्टरच्या डोक्यावर सेट होत असेल तर बसवण्याआधी जुन्याचाच ॲड्रेस टाका, नाहीतर डबल ॲड्रेसचा फॉल्ट येऊ शकतो.