आयएसडीएन राउटर जोडताना तारा आणि वीज यांचा क्रम कसा ठेवावा?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेच्या संगणक विभागात काम करते. आमच्या एका शाखेचा मुख्य कार्यालयाशी संपर्क ६४ केबीपीएसच्या लीज्ड लाइनवर, म्हणजे कायम भाड्याने घेतलेल्या तारेवर, चालतो. ती लाइन बंद पडली की ग्राहक ताटकळतात आणि दिवसभराचे व्यवहार वहीत लिहून ठेवावे लागतात, म्हणून पर्यायी मार्ग म्हणून आम्ही आयएसडीएनची (दूरध्वनीच्या तारांवरील डिजिटल सेवेची) बीआरआय, म्हणजे लहान क्षमतेची, जोडणी घेतली आहे. भिंतीवर एनटी१ची, म्हणजे एक्सचेंजकडून येणारी तार जिथे संपते ती, पेटी बसवून झाली आहे आणि सिस्कोचा १६०३ राउटर हाती आला आहे.

यापूर्वी दुसऱ्या एका शाखेत बाहेरून बोलावलेल्या तंत्रज्ञाने असाच राउटर जोडला होता आणि तिसऱ्याच दिवशी त्याचा आयएसडीएन पोर्ट निकामी झाला. कारण कोणालाच सांगता आले नाही. त्यामुळे या वेळी हात लावण्यापूर्वी समजून घ्यावे असे वाटते. आधी तारा जोडाव्यात की आधी वीज द्यावी? राउटरचे बटण बंद असेल तर तारांना हात लावणे निर्धोक असते का? अर्थिंगची तपासणी मी स्वतः कितपत करू शकते?

जंपर

ताई, आपला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. राउटर बंद केल्याने आयएसडीएनची तार निर्जीव होत नाही, कारण तिच्यातील विद्युतदाब राउटरकडून येत नसून एक्सचेंजकडून आणि एनटी१कडून येतो. एनटी१ आणि राउटर यांच्यामधील चार तारांच्या बाजूवर, म्हणजे एस/टी बाजूवर, ३-६ आणि ४-५ या दोन जोड्यांच्या दरम्यान सुमारे ४० व्होल्ट डीसी असू शकतो. एक्सचेंजकडून एनटी१पर्यंत येणाऱ्या दोन तारांवर, म्हणजे यू बाजूवर, तो याहून बराच जास्त असू शकतो. म्हणून हातात धरलेले मोकळे टोक कधीही जिवंत असू नये, हा नियम पाळावा. जोडताना आधी राउटरकडील टोक बसवावे आणि मग एनटी१कडील. काढताना आधी एनटी१कडील टोक काढावे आणि मग राउटरकडील.

दुसरी गोष्ट पोर्टांची. १६०३च्या मागे ईथरनेट (शाखेतील संगणकांच्या जाळ्यासाठी), आयएसडीएन आणि कन्सोल (संगणकावरून राउटरला आज्ञा देण्यासाठी) हे तिन्ही पोर्ट आरजे-४५ जातीचे आहेत आणि एकाच प्लगला तिन्हींत शिरता येते. ईथरनेट पोर्ट कमी दाबाच्या सुरक्षित सर्किटांसाठी बनवलेला असतो, तर दूरध्वनी जाळ्याला जोडला जाणारा पोर्ट त्या जाळ्यातील दाब सोसण्यासाठी. ही अदलाबदल झाल्यास राउटर किंवा त्यामागचा हब खराब होऊ शकतो. याहून घातक चूक म्हणजे साध्या दूरध्वनीचा आरजे-११ प्लग, कारण तो आरजे-४५च्या खाचेत सहज बसतो आणि त्याच्या मधल्या दोन तारा नेमक्या ४ आणि ५ क्रमांकाच्या पिनांवर येतात. घंटी वाजताना त्या तारांवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी दाब असतो. आपल्या दुसऱ्या शाखेत काय झाले ते मी पाहिलेले नाही, परंतु क्रोन मॉड्यूलवरून (दूरध्वनीच्या तारा खोचून जोडण्याच्या पट्टीवरून) निघालेल्या साध्या लाइनचा जंपर, म्हणजे जोडतार, आणि आयएसडीएनचा जंपर यांत गल्लत झालेली मी नोकरीच्या काळात अनेकदा पाहिली आहे. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना आजच चिठ्ठी लावावी.

आणखी एक. इंग्रजी पुस्तके बहुधा अमेरिकेतील पद्धत गृहीत धरतात. तेथे एनटी१ ग्राहकाचा असतो, राउटरला यू पोर्ट असतो आणि स्पिड (लाइनचे ओळख) क्रमांक भरावे लागतात. आपल्याकडे एनटी१ दूरध्वनी सेवा देणारा बसवतो, राउटरला एस/टी पोर्ट लागतो आणि स्पिड लागत नाही. १६०३ला एस/टी पोर्टच आहे, त्यामुळे आपली निवड बरोबर आहे. मात्र १६०४ आला असता तर यू पोर्टामुळे घोटाळा झाला असता.

भूतार

अर्थिंगची प्राथमिक तपासणी मल्टिमीटरने करता येते, पण मल्टिमीटर वापरण्याची सवय नसेल तर हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्या तीन पिनांच्या सॉकेटकडे समोरून पाहिल्यास वरचे मोठे भोक अर्थचे, उजवीकडचे फेजचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे असते. फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे २३० व्होल्ट दिसावा, फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढाच, तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नसावा. प्लगची अर्थची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब ठेवलेली असते, जेणेकरून वीज येण्यापूर्वी अर्थ जोडला जावा. ती पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटात प्लग खुपसण्याची जी वाईट सवय आपल्याकडे आहे, तिने ही सारी योजनाच मोडून पडते. एनटी१, राउटर आणि लीज्ड लाइनचा मोडेम यांना एकाच यूपीएसवरून वीज द्यावी आणि सर्वांचा अर्थ एकच असावा. दोन वेगवेगळ्या अर्थांमध्ये फरक असेल, तर वीज कडाडल्यावर तो फरक तारांमधून यंत्रात उतरतो. आकाशात गडगडाट सुरू असताना तारा जोडू अथवा काढू नयेत.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज वायरमनला बोलावून मोजणी करून घेतली. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात १४ व्होल्ट आला. अर्थची तार मागील भिंतीत सुटलेली होती आणि खड्डा कोरडा पडलेला होता. तार नव्याने जोडून, खड्ड्यात पाणी घातल्यावर हा आकडा दीड व्होल्टवर आला. आता पहिल्यांदा वीज देण्याचा क्रम कृपया कोणी सांगावा.

सह्यकडा

पुस्तिकेत सर्व तारा जोडून शेवटी वीज देण्यास सांगितलेले असते आणि त्यात चूक काहीच नाही. तरीही मी पहिल्या दिवशी राउटर एकटाच सुरू करतो, कारण बिघाड यंत्रात आहे की लाइनमध्ये, हे नंतर शोधत बसण्यापेक्षा आधीच कळलेले बरे. लीज्ड लाइनसाठीचे डब्ल्यूआयसी कार्ड (राउटरच्या खाचेत बसणारे जोडणीचे कार्ड) बसवायचे असेल तर बटण बंद करून, अॅडॉप्टर काढून आणि मनगटाला स्थिर विजेचा पट्टा बांधूनच बसवावे. ते चालू राउटरमध्ये सरकवण्याचे कार्ड नाही. नंतर केवळ कन्सोलची तार संगणकाला जोडावी, टर्मिनल ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असे ठेवावे आणि वीज द्यावी. राउटर सुरळीत सुरू झाला की बटण बंद करून ईथरनेट आणि मोडेमच्या तारा जोडाव्यात आणि आयएसडीएनची तार जंपर यांनी सांगितलेल्या क्रमाने सर्वांत शेवटी जोडून पुन्हा वीज द्यावी.

स्विच टाइप, म्हणजे राउटरला सांगावा लागणारा एक्सचेंजचा प्रकार, बेसिक-नेट३ ठेवावा. ‘शो आयएसडीएन स्टेटस’मध्ये पहिला स्तर (तारेवरील प्रत्यक्ष दुवा) ‘अॅक्टिव्ह’ दिसला नाही तर आधी तार पाहावी, मग बसच्या (एस/टी बाजूच्या तारांच्या) दोन्ही टोकांना १०० ओहमचे टर्मिनेशन, म्हणजे टोकाचा रोधक, आहे का ते पाहावे. एनटी१मध्ये त्यासाठी लहान स्विच असू शकतात. पहिला स्तर ठीक असून दुसरा (एक्सचेंजशी होणारा संवाद) उभा राहत नसेल, तर बहुधा स्विच टाइप चुकलेला असतो किंवा एक्सचेंजमध्ये लाइन पूर्णपणे सुरू झालेली नसते.

कृष्णाकाठ

सांगितल्याप्रमाणे केले. पहिला स्तर लगेच ‘अॅक्टिव्ह’ झाला, दुसरा होईना. एक्सचेंजला कळवल्यावर तासाभरात तोही उभा राहिला आणि टीईआय (एक्सचेंजने राउटरला दिलेला क्रमांक) ६४ मिळाला. उद्या शाखा बंद झाल्यावर लीज्ड लाइन मुद्दाम काढून चाचणी घेणार आहे. दुसऱ्या शाखेतील क्रोन मॉड्यूलही तपासले. तेथे साध्या दूरध्वनीची जोडी खरोखरच आयएसडीएनच्या भिंतीवरील सॉकेटात आलेली होती.