अनुभव धागा : कार्ड एवढं, मॉनिटर केवढा?

मंडळी, 'अमुक ग्राफिक्स कार्डाला (गेमचं चित्र काढणाऱ्या भागाला) कोणता मॉनिटर घेऊ?' हा प्रश्न दर दिवाळी सेलच्या आधी येतो. उत्तरादाखल मॉडेल नंबरांची यादी येते आणि पुढच्या सेलपर्यंत ती शिळी होते. म्हणून इथे याद्या नकोत, वापराचे अनुभव हवेत. कार्ड कोणतं, पडदा केवढा, काय खेळता, किती पैसे गेले आणि आता काय वाटतं, एवढं लिहा. भांडलात तरी चालेल.

सुरुवात माझ्यापासून. कार्ड एएमडीचं आरएक्स ६६००, सोबत २४ इंची १०८०पी (१९२० गुणिले १०८० ठिपके), १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ चित्रं), आयपीएस (पडद्याचा एक प्रकार). मॉनिटर साडेदहा हजारांना पडला. थोडे पैसे वाढवले तर २७ इंची १०८०पी मिळत होता आणि लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार तोच पुढे सरकवत होता. पण तेवढेच पिक्सेल (ठिपके) मोठ्या काचेवर पसरले की इंचाला ९२ होते त्याचे ८२ होतात. गेममध्ये एक वेळ चालून जाईल, देवनागरी वाचताना मात्र अनुस्वार आणि रफार आधी फुटतात. बाकी हिशेब एवढाच केला : १०८०पीला कार्डाने एका फ्रेममध्ये (एका चित्रात) २०.७ लाख ठिपके भरायचे, १४४०पीला ३६.९ लाख, फोरकेला ८२.९ लाख. आपण पडद्याचे पैसे एकदाच देतो, कार्डाला ते ठिपके दर सेकंदाला शंभरदा भरावे लागतात.

पेठेतला पीसी :
एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६०, १२ जीबी मेमरीवालं. सगळे सांगत होते, हे १०८०पीचं कार्ड आहे, १४४०पी झेपणार नाही. मी २७ इंची १४४०पीच घेतला, एकोणीस हजारांत. मी सायबरपंकसारखे गोष्टीसाठी खेळायचे गेम खेळतो. १४४०पीच्या पडद्यावर डीएलएसएस (लहान चित्र मोठं करून देणारी एनव्हिडियाची सोय) 'क्वालिटी'ला ठेवलं की कार्ड आतून साधारण १७०७ गुणिले ९६० एवढंच चित्र काढतं, म्हणजे १०८०पीपेक्षाही लहान. उरलेलं डीएलएसएस भरून काढतं आणि चित्र नीटनेटकं दिसतं. हाच उद्योग १०८०पीच्या पडद्यावर केला तर आतलं चित्र ७२०पीचं होतं, मग लांबच्या तारा, गवत, केस यांचा चिखल. रे ट्रेसिंग (उजेड-सावल्यांचा खराखुरा हिशेब, कार्डाला जड) बंद ठेवून फ्रेम्स साठीच्या आसपास मिळतात. मला पुरतात. शंभरच्या खाली गेलं की ज्यांचा जीव खालीवर होतो त्यांनी माझं ऐकू नये.

रँक्ड राजा :
जीव खालीवर होणाऱ्यांतला मी. जीटीएक्स १६५०, व्हॅलोरंट, पुन्हा व्हॅलोरंट, आणि रविवारी सीएस २, म्हणजे सगळे शूटर गेम. '१६५०ला १४४ हर्ट्झ म्हणजे उधळपट्टी' म्हणणारे कार्डाचं नाव बघतात, गेम बघत नाहीत. व्हॅलोरंट इतका हलका आहे की लो सेटिंगला ही गरीब १६५०सुद्धा १४४च्या वर राहते. अडतं ते प्रोसेसर आणि रॅमपाशी. रॅमची एकच स्टिक होती, दुसरी घातल्यावर ऐन धुमश्चक्रीत फ्रेम्स गटांगळ्या खायच्या त्या थांबल्या. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर असतं, १४४ला ६.९. कोपऱ्यातून डोकं काढणारा तेवढा आधी दिसतो. रँक वाढली का, ते विचारू नका.

लेकाची आई :
मी खेळत नाही, पैसे देते. दहावीनंतर चिरंजीवांना २४० हर्ट्झचा मॉनिटर हवा होता. घरात कार्ड आरटीएक्स ३०५०, ६ जीबी. मी म्हटलं, आधी तुझे नेहमीचे तीन गेम लाव आणि कोपऱ्यात तो फ्रेम्सचा आकडा असतो तो दाखव. स्टीममध्ये सेटिंगला जाऊन तो चालू करता येतो, हे मला त्यानेच नंतर शिकवलं. आकडे आले साठ ते नव्वदच्या दरम्यान. त्यातला एल्डन रिंग तर पीसीवर मुळातच ६० फ्रेम्सवर बांधलेला आहे, पडदा लाखाचा लावला तरी त्याच्या वर जात नाही. मग २४० कशाला? बरीच आदळआपट झाली. शेवटी २४ इंची १२० हर्ट्झचा घेतला आणि वाचलेल्या पैशांत यूपीएस, कारण आमच्याकडे गुरुवारी वीज जाते. मला एवढंच कळलं की मुलं आकडा मागतात तेव्हा तो आकडा त्यांच्या मित्राच्या घरचा असतो.

स्क्रू ड्रायव्हर :
काकू, तुम्ही केलं तीच खरी पद्धत. मी नाशिकला मशिन असेंबल करून देतो, थोडं त्यात भर घालतो.

१०८०पीवरून १४४०पीला जायचं असेल तर विकत घेण्याआधी घरच्या घरी चाचणी करता येते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये डीएसआर म्हणून सोय आहे, त्यात १.७८ पट निवडा. एएमडीकडे तिचं नाव व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन. तुमचा पडदा १०८०पीचाच राहतो, पण कार्ड १४४०पीचं ओझं उचलायला लागतं. आवडता गेम लावा, तासभर खेळा, फ्रेम्स किती पडतात ते बघा. जो आकडा दिसेल तोच जवळपास नव्या मॉनिटरवर दिसणार. दुकानात मला कुणी विचारलं की मी हेच करायला परत पाठवतो, गिऱ्हाईक चिडतं, पण दुसऱ्या दिवशी नेमकं काय हवं ते घेऊन येतं.

दुसरं, फ्रीसिंकचा (पडद्याचा वेग कार्डाच्या फ्रेम्सशी जुळवणाऱ्या सोयीचा) स्टिकर बघून भुलू नका, ती किती फ्रेम्सपासून कितीपर्यंत चालते ती रेंज बघा. स्वस्तातल्या ७५ हर्ट्झच्या पडद्यावर ती बहुधा ४८ ते ७५ असते. मध्यम कार्डावर जड गेम नेमका ४० ते ५०मध्ये घुटमळतो, म्हणजे सिंकची गरज असते तिथेच ते सुटतं आणि चित्र फाटतं किंवा अडखळतं. १४४ किंवा १६५च्या पडद्यावर वरचा आकडा खालच्याच्या दुपटीहून जास्त असल्यामुळे फ्रेम ४०वर आली तरी तीच फ्रेम दोनदा दाखवून ८०ला सिंक सांभाळता येतं. म्हणून साध्या कार्डालाही १४४चा पडदा उपयोगी, भले फ्रेम्स १४४ कधी न येवोत. इथे रँक्ड राजा बरोबर आहे, कारण वेगळं.

खोक्यावरच्या 'एचडीआर ४००'च्या (उजेड-अंधार जास्त खुलवण्याच्या) शिक्क्यासाठी जास्तीचा रुपया देऊ नका. तो मुख्यतः उजेडाचा दाखला आहे, काळोख काळा दिसेलच असं त्यात काही नाही. आणि केबल! खोक्यात बऱ्याचदा एचडीएमआय येते, पण १४४०पीला १६५ किंवा १८० हर्ट्झ अनेक मॉनिटरांवर डिस्प्लेपोर्टनेच मिळतात, एचडीएमआय २.०ला १४४पाशी गाडी थांबते. त्यात विंडोज पुष्कळदा पडदा ६०वरच ठेवतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन हाताने बदलावं लागतं. 'नव्यात काहीच फरक नाही' म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्यांचं काम मी बहुतेक वेळा तेवढ्यावर करून देतो आणि चहाचे पैसेही घेत नाही.

काळोखप्रेमी :
डोंबिवली, एक खोली, भाऊ झोपल्यावर दिवे बंद करून खेळणारा. माझ्यासाठी व्हीए पॅनल (आयपीएससारखाच पडद्याचा दुसरा प्रकार). आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण हजाराला एक, व्हीएचा तीन हजारांच्या घरात. अंधाऱ्या खोलीत आयपीएसचे कोपरे राखाडी चमकतात, व्हीए गप्प काळा राहतो. किंमत मात्र मोजावी लागते : अंधाऱ्या दृश्यात कॅमेरा झर्रकन फिरवला की काळ्याची शेपूट मागे घसरत येते. भुताच्या गेमला मजा, शूटरला ताप. कार्ड आरएक्स ६७०० एक्सटी, पडदा २७ इंची १४४०पी.

जुनं ते सोनं :
इथे सगळे आजच्या कार्डावरून पडदा मोजताहेत. माझं उलटं. आरएक्स ५८० होतं तेव्हा फ्रीसिंकचा १४४ हर्ट्झ घेतला, कार्डाच्या मानाने पडदा भारीच होता. पुढे जीटीएक्स १६६० सुपर आलं. तोवर एनव्हिडियाने जानेवारी २०१९च्या ड्रायव्हरमधून आपल्या कार्डांना फ्रीसिंकवाले पडदे खुले केले होते, त्यामुळे तोच मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर तसाच चालला. आता आरटीएक्स ४०६० आहे, मॉनिटर अजून तोच. कार्ड दोनदा बदललं. पैसे थोडे असतील तर मी ते पडद्यात आधी घालीन.

धागाकर्ता :
पटलं नाही. तोवर पडद्यांचेच भाव उतरले. तेव्हा २४ इंची १०८०पी १४४ला जे मोजलेत, त्यात आज १४४०पी येतो.

जुनं ते सोनं :
येतो. पण मधली वर्षं मी खेळलो कशावर?

ऱ्हाईनकाठचा :
आरटीएक्स ४०७० सुपर, २७ इंची १४४०पी ओलेड (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो), २४० हर्ट्झ, सहाशे युरोंच्या आसपास. गेमसाठी याच्यापुढे काही बघवत नाही. पण दिवसा याच पडद्यावर कोड लिहितो, तिथे अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसते, कारण सबपिक्सेलची (ठिपक्यातल्या लाल-हिरव्या-निळ्या भागांची) मांडणी वेगळी. टास्कबार लपवलेला, वॉलपेपर काळा, उठताना पडदा बंद : बर्न-इनच्या (स्थिर चित्राचा पडद्यावर कायमचा डाग राहण्याच्या) धाकाने संसार चालू आहे. दिवसभर काम आणि तासभर खेळ असेल तर आयपीएस बरा. भारतात परत येताना उचलून आणायचा विचार सोडून दिला, वॉरंटी इकडचीच आहे.

अर्धा गेमर :
कार्डच नाही, पीएस५ (सोनीचा गेम कन्सोल) आहे, चालेल ना? १४४०पीची सोय त्यावर सप्टेंबर २०२२च्या अपडेटने आली. व्हीआरआर (फ्रीसिंकसारखीच वेग जुळवणारी सोय) हवं असेल तर मात्र मॉनिटरला एचडीएमआय २.१ लागतंच, फ्रीसिंक लिहिलंय म्हणून चालत नाही.

रुंद :
३४ इंची अल्ट्रावाइडबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी. ३४४० गुणिले १४४० म्हणजे ४९.५ लाख ठिपके, साध्या १४४०पीहून एक तृतीयांश जास्त. म्हणजे फ्रेम्स साधारण पाव हिश्श्याने कमी धरा. आरएक्स ६८००वर मला ७० ते ९० मिळतात, रेसिंगला स्वर्ग. व्हॅलोरंट मात्र दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या टाकून खेळावा लागतो. ३२ इंचांवरच्या मॉनिटरला २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५पासून १८ झाला. तेव्हा दुकानदार जुन्या छापील किमतीवर 'खास सवलत' देत असेल तर आधी बिलात कर किती लावलाय ते बघा, मग घासाघीस सुरू करा.