स्पिटफायर मार्क ३ चा गियरबॉक्स: हेरल्डचे कोणते भाग चालतील?

कॅनलीशेजारी (कॉव्हेंट्री)

नमस्कार मंडळी,

मी मूळचा सांगलीचा, पण गेली बरीच वर्षं कॉव्हेंट्रीत आहे. माझ्याकडे १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३ आहे. १२९६ सीसी, ओव्हरड्राइव्ह (वरचा जादा गियर) नाही. ही गाडी जिथे बनली तो कॅनलीचा कारखाना माझ्या घरापासून फार लांब नव्हता. १९८० साली शेवटची स्पिटफायर तिथूनच बाहेर पडली. आता त्या जागेवर दुसरंच काहीबाही उभं आहे, पण तिथून जाताना दर वेळी नजर वळतेच.

आता दुखणं सांगतो. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरला जात्यात भरडा काढल्यासारखी घरघर यायची आणि टॉपला, म्हणजे चौथ्याला, टाकला की सगळं शांत. दोन आठवड्यांपूर्वी बॉक्स उतरवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: या गाडीचा गियरबॉक्स खालून काढत नाहीत. सीटा काढायच्या, मधलं कव्हर काढायचं आणि बॉक्स आतून उचलून दारातून बाहेर घ्यायचा. मुलाने मागची बाजू धरली, मी पुढची, आणि पाठीवर न बेतता काम झालं.

तेल काढलं तेव्हा त्यात चांदीच्या वर्खासारखी चकाकी होती. उघडून लेशाफ्ट, म्हणजे क्लस्टर (गियरांचा एकसंध गठ्ठा) ज्याच्यावर फिरतो तो दांडा, बाहेर काढला. नीडल (सुईसारखे बारीक रोलर) जिथे फिरतात त्या पट्ट्यात वरचा कडक थर उडून खड्डे पडलेत. नख फिरवलं की अडकतं. नुसता शाफ्ट असता तर निभावलं असतं, पण त्या कपच्यांनी क्लस्टर गियरची आतली बाजूही ओरबाडून काढली आहे, आणि त्याच क्लस्टरवरच्या दुसऱ्या गियरच्या एका दाताचा कोपरा गेलाय. म्हणजे क्लस्टरही बदलायला हवा.

मागच्या महिन्यात इथल्या एका विक्रेत्याने "ट्रायम्फच्या छोट्या गाड्यांचं सगळं सारखंच" असं सांगून मला एक क्लस्टर विकला. क्लच शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाचा जोर आत आणणाऱ्या शाफ्टच्या, गियरशी त्याचे दात जुळलेच नाहीत. परत घ्यायला तो तयार नाही. मीही मोजून घ्यायला हवं होतं, ते राहिलं.

आता माझ्यासमोर दोन वाटा आहेत. एक, इथेच एकाकडे हेरल्ड १२०० चा (ट्रायम्फचीच दुसरी छोटी गाडी) अख्खा बॉक्स मिळतोय. दुसरी सांगलीची. माझ्या मामांकडे १९६६ ची स्टँडर्ड हेरल्ड होती, मद्रासला बनलेली. गाडी कधीच भंगारात गेली, पण तिचा गियरबॉक्स वखारीत पोत्यात गुंडाळून ठेवलेला आहे. मामेभाऊ पाठवायला तयार आहे. खरं सांगायचं तर मन सांगलीच्या बॉक्सकडे ओढ घेतंय. मी गाडी शिकलो ती त्याच हेरल्डवर. "पूर्ण थांब, मग पहिला टाक" हे मामांचं वाक्य अजून कानात आहे. त्या बॉक्समधला एखादा गियर माझ्या गाडीत फिरावा असं फार वाटतं.

जाणकारांनी सांगावं, काय चालेल आणि काय नाही?

---

जुनी_हेरल्ड (पुणे)

दादा, गाडी फार सुंदर आहे तुमची. ओढ समजली, पण आधी दात मोजू या.

स्पिटफायर हेरल्डच्याच चासीवर उभी राहिली, दोन्हींचं रूप इटालियन डिझायनर मिकेलोत्तींचं, आणि गियरबॉक्सही एकाच घराण्यातले. पण घराणं एक म्हणून माप एक असं होत नाही. तुमच्या मार्क ३ चं गुणोत्तर (मागच्या एका फेऱ्याला पुढचे किती फेरे) पहिल्याला ३.७५, दुसऱ्याला २.१६, तिसऱ्याला १.३९. हेरल्ड १२०० चंही तेच. ९४८ सीसीच्या हेरल्डला मात्र पहिला ४.२७ आणि दुसरा २.४६ यायचा, कारण इंजिनात जोर कमी होता. आपल्याकडच्या स्टँडर्ड हेरल्डमध्ये ९४८ चंच इंजिन. तेव्हा मामांच्या बॉक्सबद्दल मला शंकाच आहे.

बॉक्स न उघडता खात्री करता येते. भावाला सांगा, बॉक्स पहिल्या गियरमध्ये टाकायचा, पुढच्या क्लच शाफ्टवर आणि मागच्या फ्लँजवर (जोर बाहेर देणाऱ्या चकतीवर) खडूने एकेक खूण करायची. मग पुढून फिरवत मागचा फ्लँज बरोबर चार फेरे फिरेपर्यंत पुढचे फेरे मोजायचे. पंधरा आले तर ३.७५. सतराच्या आसपास आले तर ४.२७.

आता यात नुसता क्लस्टर बदलून का भागत नाही ते सांगतो. क्लच शाफ्टचा गियर आणि क्लस्टरचा पुढचा गियर कायम एकमेकांत अडकलेले असतात. पहिला, दुसरा, तिसरा, तिन्हींचा जोर याच जोडीतून जातो. दोन शाफ्टमधलं अंतर केसिंगने ठरवून टाकलेलं. त्यामुळे एकाचे दात बदलले की जोडीदाराचेही बदलावे लागतात, आणि दातांचा तिरकेपणाही जुळावा लागतो. तुम्हाला विकलेला क्लस्टर बहुधा दुसऱ्या गुणोत्तराचा असणार. व्हिटेस किंवा जीटी ६ चा असू शकतो. दोन लिटरच्या त्या सहा सिलिंडर ट्रायम्फना पहिला २.६५ येतो. सगळेच दात मोजून बघा, कळेल.

टॉपला आवाज का जातो हेही यातच आहे. टॉपला क्लच शाफ्ट आणि मेनशाफ्ट (चाकांकडे जोर नेणारा शाफ्ट) थेट जोडले जातात. क्लस्टर फिरत राहतो, पण त्याच्यावर भार नसतो. तुमचं निदान अगदी बरोबर आहे.

माझं मत: १२०० चा बॉक्स घ्या, पण तो उघडून दाखवत असतील तरच.

---

शिरोली_लेथ (कोल्हापूर)

माझं काम गियर आणि शाफ्टचंच आहे, म्हणून फक्त लेशाफ्टपुरतं लिहितो.

कुणी म्हणेल लेथवर नवा करून देतो. देईलही, पण कशाचा, ते विचारा. ईएन ८ या साध्या पोलादाचा केला तर दोन-तीन हजार किलोमीटरात पुन्हा तेच खड्डे. इथे नीडल थेट शाफ्टवर पळतात, शाफ्टच बेअरिंगची आतली रिंग असतो. ईएन ३६ किंवा २० एमएनसीआर ५ हे पोलाद घ्यायचं, कार्बुरायझिंग (वरच्या थरात कार्बन मुरवणं) करायचं, ५८ ते ६२ एचआरसी कडकपणा आणायचा आणि त्यानंतर ग्राइंडिंग. हार्डनिंगनंतर शाफ्ट थोडा वाकतोच, म्हणून ग्राइंडिंगला माल शिल्लक ठेवावा लागतो. जास्त ठेवला तर ग्राइंडिंगमध्ये कडक थरच निघून जातो. सगळी कसरत तिथे आहे.

तुमच्याकडे तयार लेशाफ्ट मिळत असेल तर तो घ्या. आला की चांगल्या कानसेचा कोपरा त्याच्या टोकाला, नीडल फिरत नाहीत त्या जागी, हलकाच ओढून बघा. कानस घसरली पाहिजे. धरली तर तो शाफ्ट परत पाठवा.

नीडल मात्र सगळ्या नव्या आणि एकाच पाकिटातल्या. जुन्या-नव्या मिसळल्या तर ज्या केसभर जाड त्यांच्यावरच सगळा भार येतो. आणि जुन्या काढताना प्रत्येक टोकाच्या मोजून ठेवा. एक जरी कमी भरली तरी बाकीच्या तिरक्या होतात.

---

कॅनलीशेजारी

दोघांचे मनापासून आभार.

काल रात्री मामेभावाला व्हिडिओ कॉल केला. वखारीत दिवा लावून त्याने पोतं सोडलं. साठ वर्षांच्या बॉक्सवर मामांनी ग्रीस थापून ठेवलं होतं, त्यामुळे गंज अगदी नावाला. खडूच्या खुणा केल्या, तो फिरवत होता आणि मी इकडे मोठ्याने मोजत होतो. मागचे चार, पुढचे सतरा आणि वर अगदी किंचित. दोनदा केलं. ४.२७ च. वाईट वाटलं. पण खडूच्या एका खुणेने निकाल लागला आणि एवढं वजनाचं पार्सल साता समुद्रापार आणायचं वाचलं.

मला विकलेल्या क्लस्टरचे दातही मोजले. जुनी_हेरल्ड म्हणाले तसंच निघालं, गियर मोठ्या गाडीच्या बॉक्सचे आहेत.

आज हेरल्ड १२०० चा बॉक्स बघून आलो. मालकाने झाकण उघडून दिलं. क्लस्टरचे चारही गियर मोजले, क्लच शाफ्टचा मोजला, माझ्याशी तंतोतंत जुळले. लेशाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने घेतला, तोही तोच. फक्त पहिल्या गियरचे दात एका बाजूने चघळल्यासारखे झालेत. ते चालवून घ्यावं का? आणि कुणी म्हणतं मार्क ४ चा बॉक्सच टाक, त्याला पहिल्यालाही सिंक्रो (गियर पडण्याआधी वेग जुळवणारी सोय) आहे. काय करावं?

---

बेलापूरकर (नवी मुंबई)

काका, मी इथे कारागीर म्हणून नाही, तर स्वतः दोन बॉक्स बांधलेला माणूस म्हणून लिहितोय.

पहिल्या गियरचे दात तसे असणं स्वाभाविक आहे. या बॉक्समध्ये पहिल्याला सिंक्रो नाही, आणि पहिल्याचे दात दुसऱ्याच्या सिंक्रो स्लीव्हच्या (सरकत्या कड्याच्या) बाहेरच कापलेले असतात. स्लीव्ह सरकली की पहिला पडतो. कुणी चालत्या गाडीत पहिला रेटला की तेच दात खातात. तुमच्या मामांनी तुम्हाला जे शिकवलं ते याच दातांसाठी. म्हणून तुमची स्वतःची स्लीव्ह आणि ती ज्याच्यावर सरकते तो हब ठेवा. हब-स्लीव्ह ही जोडी कधी फोडू नका. सोडवण्याआधी दोन्हींवर खूण करा, त्याच घरात परत बसवा.

१२०० च्या बॉक्समधून क्लस्टर आणि क्लच शाफ्ट दोन्ही बरोबर घ्या. वर्षानुवर्षं एकमेकांवर घासलेले दात एकमेकांना ओळखतात. नुसता क्लस्टर घेऊन तुमच्या शाफ्टशी लावला तर दात मोजणीला जुळतील, पण शीळ घालतील. क्लच प्लेट त्या शाफ्टच्या स्प्लाइनवर (उभ्या खाचांवर) सहज सरकते ना, एवढं आधी बघून घ्या.

मेनशाफ्टचं पुढचं टोक, जे क्लच शाफ्टच्या पोटात फिरतं, ते नीट बघा. ते झिजलेलं असतं आणि लोक सगळं नवं घालून तेवढंच विसरतात. दोन मेनशाफ्टपैकी ज्याचं टोक चांगलं तो घ्या. आणि मेनशाफ्टवरची ती सर्क्लिप (भाग जागेवर धरणारी कडी)! ती काढायला जीव जातो, निघाली की वाकलेली असते. नवी आणून ठेवल्याशिवाय जुनीला हात लावू नका.

मार्क ४ चा बॉक्स अख्खा टाकणारे आहेत आणि ते गैर नाही. पण तुमच्याकडे १९६८ ची गाडी आहे, तिचा मूळ बॉक्स वाचतोय, तर तो वाचवा. स्पिटफायर १५०० च्या बॉक्सकडे तर बघूच नका, तो मॉरिस मरीनाच्या घराण्यातला, आतलं काहीच चालत नाही.

बेअरिंगवर कोरलेला नंबर पुसून मापासकट लिहून ठेवा. नंबरापुढे एनआर असेल तर बाहेरच्या रिंगेवर खाच आणि त्यात स्नॅप रिंग. ती दोन अक्षरं सोडून मागवलं तर बिनखाचेचं बेअरिंग हातात पडेल.

---

कॅनलीशेजारी

पाच आठवड्यांनी लिहितोय.

१२०० चा क्लस्टर आणि क्लच शाफ्ट, माझी स्लीव्ह-हब, मेनशाफ्ट माझाच (टोक चांगलं निघालं), नवा लेशाफ्ट, नव्या नीडल, नव्या पितळी सिंक्रो रिंग. शाफ्ट आल्या आल्या कानस लावली, घसरली.

नीडल बसवायला एक संध्याकाळ गेली. क्लस्टरच्या लांबीचाच एक लाकडी दांडा तासून घेतला, लेशाफ्टपेक्षा कणभर बारीक. घट्ट ग्रीस लावून एकेक नीडल चिमट्याने त्याच्याभोवती उभी केली. मुलगी टॉर्च धरून मोजत होती. दोन्ही टोकांचे थ्रस्ट वॉशर (क्लस्टरचा बाजूचा रेटा झेलणाऱ्या चकत्या) ग्रीसनेच केसिंगला चिकटवले. क्लस्टर आत ठेवला आणि खऱ्या शाफ्टने लाकडी दांडा हळूहळू बाहेर ढकलला. पहिल्या वेळी एक वॉशर खाली पडला, सगळं पुन्हा. दुसऱ्या वेळी बसलं. बोटाने क्लस्टर फिरवला तर काही आवाजच नाही. दोघंही नुसतं फिरवत बसलो थोडा वेळ.

जीएल ४ दर्जाचं ९० नंबरचं गियर तेल भरलं, इंग्लिश मापाने दीड पाइंट, म्हणजे ०.८५ लिटर. काल केनिलवर्थ रोडवर झाडांखालून तिसऱ्यावर नेली. इंजिनाचा आणि वाऱ्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही.

जुनी_हेरल्ड, तुम्हाला एक विचारायचंय. तुमच्या प्रोफाइलवर दिसतं की तुमची गाडी ९४८ ची आहे. मामांचा बॉक्स तुमच्या उपयोगाचा असेल तर घेऊन जा. पैसे नकोत. मामीला विचारलंय, ती म्हणाली कुणाच्या तरी गाडीत फिरू दे.

---

जुनी_हेरल्ड

दादा, माझ्या बॉक्सचा क्लस्टर तीन वर्षांपासून एका दाताने लंगडा आहे. मी स्वतःहून मागणार नव्हतो. शनिवारी सकाळी सांगलीला निघतो. मामींचा पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा, आणि त्यांना सांगा, बॉक्स बसला की पहिली फेरी त्यांच्या दारापर्यंत.